बाबांच्या निधनाच्या निरोपातून आईची माहिती बाहेर गेली. आता काय काय करावं?

शमिका_ठाणे | शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. ते गेले त्या सकाळी माझ्या चुलतभावाने घाईघाईत एक निरोप तयार केला. त्यात बाबांचा फोटो, पूर्ण नाव, वय, कोणत्या खात्यातून निवृत्त झाले, घराचा पत्ता, अंत्ययात्रेची वेळ आणि खाली संपर्कासाठी आईचा आणि दादाचा मोबाईल नंबर होता. अर्ध्या तासात तो सोसायटीच्या, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या, गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. माणसं धावून आली, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईला फोन आला. समोरचा माणूस "वहिनी" म्हणून बोलत होता. बाबा कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते त्याला माहीत होतं, ते गेल्याची तारीख माहीत होती. "फॅमिली पेन्शन लवकर सुरू करून देतो, मृत्यूचा दाखला आणि आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा." आईने पाठवले. मग म्हणाला, सहा आकडी नंबर येईल तो सांगा. माझी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा आई चष्मा लावून, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो नंबर नीट उतरवून घेऊन वाचून दाखवत होती. चार आकडे सांगून झाले होते. वहिनीने फोन हातातून काढून घेतला आणि कट केला.

पैसे गेले नाहीत. पण आधार आणि दाखला त्या माणसाकडे गेला आहे, आणि निरोप तर अजूनही कुठे कुठे पडला असेल. त्या कागदांचं आता काय होऊ शकतं? आम्ही काय काय करायला हवं? दुसरं म्हणजे, आई आता कोणाचाच फोन उचलत नाही. माझाही दोनदा वाजल्याशिवाय नाही. तिला न घाबरवता हे कसं शिकवायचं?

पाणपोई | रात्री 9:52

कॅलेंडरच्या मागे नंबर लिहिणारी आई डोळ्यासमोर आली. माझीही तशीच लिहिते. वहिनीला माझा नमस्कार सांगा.

रानवारा | रात्री 10:15

शमिकाताई, आज रात्रीच करता येईल असं पहिलं काम म्हणजे आईच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करणं, म्हणजे अंगठा, डोळे, चेहरा यांनी होणारी पडताळणी बंद ठेवणं. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलवर किंवा एमआधार ॲपवर होतं, आईच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो.

हे इतकं तातडीने का सांगतोय, तर 'एईपीएस' नावाची सोय आहे. गावातल्या बँक मित्राकडे (बँकेच्या प्रतिनिधीकडे) आधार क्रमांक आणि अंगठा देऊन पैसे काढता येतात, त्यात ओटीपी लागत नाही. ज्यांच्या जवळपास बँक नाही त्यांच्यासाठी ती फार मोलाची सोय आहे. पण लोकांनी सिलिकॉनचे बनावट ठसे करून याच वाटेने खाती रिकामी केली आहेत. ठसे कुठून मिळाले, तर अनेक प्रकरणांत नोंदणी झालेल्या खरेदीखतांच्या प्रतींवरून. तेलंगणात 2018 मध्ये असे ठसे वापरून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. आईच्या नावावर घर असेल तर तिचा अंगठा कुठल्यातरी दस्तावर आहेच.

त्याच पोर्टलवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' पाहा. आईचं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे पडताळलं गेलं ते तिथे कळतं. तेराव्यानंतरची एखादी अनोळखी नोंद दिसली तर लगेच हालचाल करा.

जुना_कॅशियर | रात्री 10:38

मी 34 वर्षं बँकेत काढली, शेवटची आठ पेन्शन विभागात. फॅमिली पेन्शनसाठी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जायचं, अर्ज भरायचा. यात कुठेही ओटीपी सांगावा लागत नाही. आईला ही एवढीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: पेन्शनचं काम बँकेच्या काउंटरवर होतं.

बँकेने ग्राहकाला कॉल करायचा झाला तर व्यवहारासंबंधीचे कॉल 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे 140 वरून करायचे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलं आहे. साध्या दहा आकडी मोबाईलवरून "मी बँकेतून बोलतोय" असा फोन आला तर फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण करायचा.

आणखी एक. आधार गेलंय म्हणजे कोणी आईच्या नावावर कर्जही मागू शकतो. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून) वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चार ब्युरो आहेत. दर तीन महिन्यांनी एकाचा काढला की वर्षभर लक्ष राहतं.

कोकणकडा | रात्री 11:05

ताईंचं दुःख समजतं, पण मला एक वेगळं म्हणायचं आहे. निधनवार्ता पेपरात छापून यायच्याच की. आमच्या गावात कोणी गेलं की अर्ध्या तासात पंचक्रोशीत कळतं, आणि कळायलाच हवं. लाकडं कोण आणणार, तिरडी कोण बांधणार? नंबर देऊ नका, पत्ता देऊ नका असं म्हणत बसलो तर चार खांदेकरी मिळायचे नाहीत. भामटे तेव्हाही होते. माझी आजी गेली तेव्हा 'लांबचा भाचा' म्हणून एक जण तीन दिवस जेवून गेला.

रानवारा | रात्री 11:12

@कोकणकडा, तीन दिवस जेवला तरी आजीच्या खात्यावरून काही नेलं नाही ना :)

अपर्णा_म्युनिक | रात्री 11:50

@कोकणकडा, तुमचा मुद्दा मनाला लागला, कारण माझे बाबा गेले तेव्हा मी इथे होते आणि चौकातल्या मुलांनी सगळं केलं. निरोप जायलाच हवा. पण पेपरातल्या वार्तेत घरच्या बाईचा मोबाईल नंबर नसायचा, आणि तो पेपर संध्याकाळी रद्दीत जायचा. आताचा निरोप दहा वर्षांनीही कोणाच्यातरी फोनमध्ये जसाच्या तसा असेल. स्मशानाचं ठिकाण आणि वेळ, एवढं सगळ्यांना द्यावं. नंबर घरातल्या सगळ्यात सावध माणसाचा द्यावा. आमच्याकडे आता नात्यातल्या एका भाच्याचा नंबर देतात, घरच्यांचा नाही.

इथल्या लोकांचा स्वभाव बघून मी बरंच शिकले. गूगल स्ट्रीट व्ह्यू 2010 मध्ये जर्मनीत आलं तेव्हा दोन लाख चव्वेचाळीस हजारांवर घरांनी आमचं घर धूसर करा म्हणून अर्ज दिला. मला तेव्हा हसू आलं होतं, घराची भिंत कसली लपवायची म्हणून. आता तसं वाटत नाही.

ॲड_विदिशा | रविवार, सकाळी 8:20

थोडं कायद्याचं सांगते. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. त्यातून 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याआधी खासगीपणा मूलभूत हक्क नाही असं म्हणणारे 1954 आणि 1962 चे दोन निकाल आडवे येत होते, ते त्या मुद्द्यापुरते बाजूला झाले. मग 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू होतील.

शमिकाताईंच्या प्रकरणात एक अडचण आहे. घरगुती कारणासाठी एका व्यक्तीने वापरलेली माहिती या कायद्याखाली येत नाही. म्हणजे चुलतभावाने निरोप पाठवला तो कायद्याने चुकला नाही, आणि त्याला चुकलास म्हणूही नये. त्या सकाळी तो एकटाच काहीतरी करत होता. जो फोन आला तो मात्र सरळ सरळ फसवणुकीचा प्रयत्न आहे. पैसे गेले नसले तरी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' मध्ये (संशयास्पद कॉल कळवायची सोय) तो नंबर नोंदवा. पैसे गेले असते तर क्षणभर न थांबता 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन.

संचार साथीवरच आईच्या नावावर किती मोबाईल कनेक्शन आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवता येतं.

झेरॉक्स_सांगोला | सकाळी 9:02

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत ऑनलाईन अर्जही भरून देतो. हा धागा वाचून गप्प राहवेना.

लोक दुकानात येतात, आमच्या नंबरवर आधार, पॅन, पासबुक, लेकीच्या लग्नाची पत्रिका, सगळं पाठवतात. व्हॉट्सॲप वेबवरून ते संगणकात उतरतं आणि 'डाउनलोड्स' मध्ये पडून राहतं. दोन वर्षांपूर्वी मी एका रविवारी तो फोल्डर उघडून बसलो. अर्ध्या तालुक्याची आधारं त्यात होती. एक बाई ओळखीच्या, त्यांच्या घटस्फोटाचे कागद होते. मला लाज वाटली. कोणी माझा संगणक उचलून नेला असता तर?

तेव्हापासून दुकान बंद करताना फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही साफ करतो, चॅटही काढतो. तुम्हीही प्रिंट हातात आली की समोर उभं राहून "दादा, फाईल काढा" म्हणा. चांगला दुकानदार रागावत नाही.

पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव आणि वय तर निरोपातच लिहिलेलं असतं. त्यापेक्षा 'मास्क्ड आधार' काढा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. खोलीच्या बुकिंगला, सोसायटीला, बऱ्याच ठिकाणी चालतं. आणि साधी झेरॉक्स द्यायची झालीच तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, सही. अक्षरं फोटोवर आणि नंबरवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहून उपयोग नाही, कोपरा कापता येतो.

पाणपोई | सकाळी 9:10

दादा, तुमच्यासारखा दुकानदार प्रत्येक तालुक्याला मिळो.

ऋतुजा_कोथरूड | सकाळी 10:34

विषय थोडा वळवते, पण धागा तोच आहे. मला गेल्या वर्षी रात्री साडेअकराला एका रिक्षावाल्याचा मेसेज आला, "घरी पोहोचला का मॅडम". मी नंबर दिलाच नव्हता. पण यूपीआयने पैसे दिले होते आणि माझा यूपीआय आयडी म्हणजे माझा मोबाईल नंबर आणि पुढे बँकेचं शेपूट. पावतीवर त्याला तो दिसला. तो काही वाईट बोलला नाही, पण मी ज्या सोसायटीच्या दारात उतरले ती त्याला माहीत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला नवा आयडी केला. पाच मिनिटांचं काम आहे, प्रत्येक ॲपमध्ये प्रोफाईलखाली सापडतं. मैत्रिणींनो, आजच करा.

तात्या_देवास | सकाळी 11:00

दुकानात काउंटरवर "नंबर सांगा" म्हटलं की मी आमच्या जुन्या वाड्याचा लँडलाईन नंबर सांगतो. तो 2009 साली कापला. आजवर कोणी तक्रार केली नाही.

ऋतुजा_कोथरूड | सकाळी 11:08

तात्या, हे आवडलं! फक्त कोणी मनाला येईल तो दहा आकडी नंबर सांगू नका, तो कोणाचातरी असतो. माझ्या भावाला कुठल्याशा साडीच्या दुकानाचे मेसेज येतात, कोणीतरी त्याचा नंबर ठोकून दिलाय. खरं तर नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही अशी सक्ती दुकानदाराने करू नये, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्येच सांगितलं आहे. मी हसून "नंबर नको, कागदी बिल द्या" म्हणते. दहातले आठ जण देतात.

कुठंय_खासगीपणा | दुपारी 12:15

सगळं वाचलं. माझा अनुभव असा की हे सगळं करून काही उपयोग नाही. आधार, पॅन, नंबर सगळ्यांचं सगळं बाहेर आहे. इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) उघडा, कोणाचं घर कितीला घेतलं, पत्ता काय, सगळं दिसतं. सातबारा उघडा, जमीन दिसते. आणि माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?

ॲड_विदिशा | दुपारी 12:50

इंडेक्स टू आणि सातबारा खुले आहेत त्याला कारण आहे. घर किंवा जमीन घेणाऱ्याला ती कोणाच्या नावावर आहे ते तपासता यायला हवं, नाहीतर एकच फ्लॅट तिघांना विकतात. मी रोज ते शोध घेते. त्या नोंदी खुल्या आहेत म्हणून अंगठ्याचा ठसाही खुला असावा असं मात्र नाही.

लपवण्यासारखं काय, याचं उत्तर शमिकाताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे. बाबांचं नोकरीचं खातं, वय, पत्ता, यातलं काहीच लपवण्यासारखं नव्हतं. त्या माणसाने ते सगळं एकत्र करून "वहिनी" अशी हाक मारली आणि आईला तो घरचा वाटला.

अपर्णा_म्युनिक | दुपारी 1:30

हेच. आणि त्यातली एकही गोष्ट आईने स्वतः दिलेली नव्हती. निरोप पुतण्याने केला, पुढे पाठवला शेजाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी, पाहुण्यांनी, सगळ्यांनी मायेने. आपण एकट्याने फोन कितीही जपला तरी आपला नंबर शंभर जणांच्या यादीत असतो, आणि त्यातल्या एकाने कुठल्याशा ॲपला 'कॉन्टॅक्ट्स पाहू दे' म्हटलं की आपलंही नाव तिथे गेलं. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी असे नंबर काढून नातेवाइकांना छळलं. म्हणून तर रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर 2022 मध्ये कॉन्टॅक्ट्स आणि कॉल लॉगला हात लावायचा नाही असा नियम करावा लागला. माझ्या मते हे घराघरात एकत्र बसून ठरवायचं काम आहे.

मडगावकर | दुपारी 3:05

शमिका, बाबांच्या सिमचं काय केलंस? हे कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

माझा बाबा गेला तेव्हा त्याचा नंबर रिचार्ज करायचा राहून गेला. त्याचं बँकेचं खातं अजून मिटलं नव्हतं, वीज बिलही त्याच नंबरवर. पाचेक महिन्यांनी एका पोराचा फोन आला, कारवारच्या बाजूचा होता. म्हणाला, "अंकल, मला नवीन सिम मिळालंय, त्यावर तुमच्या घरच्यांच्या बँकेचे मेसेज येतात, मिस्ड कॉलवरून तुमचा नंबर मिळाला." ओटीपीसुद्धा त्याच्याकडे जात होता. पोरगा देवमाणूस निघाला. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितलं होतं.

तेव्हा बँक, विमा, गॅस, वीज, पीएफ, सगळीकडून बाबांचा नंबर बदलून होईपर्यंत त्याला रिचार्ज घालत राहा. आणि बाबांचं आधारही बंद करता येतं. जून 2025 पासून घरातल्या माणसाने मृत्यूची नोंद मायआधार पोर्टलवर कळवण्याची सोय झाली आहे, ज्या राज्यांच्या नोंदी केंद्राच्या यंत्रणेत आहेत त्यांच्यासाठी. मृत्यू नोंदणी क्रमांक लागतो.

जुना_कॅशियर | दुपारी 3:20

मडगावकर, फार मोलाचं सांगितलंत. सिम बंद पडल्यामुळे वारसांची किती धावपळ होते ते काउंटरवर बसून पाहिलं आहे.

कुठंय_खासगीपणा | दुपारी 4:00

ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. वडील जाऊन दोन वर्षं झाली आमचे. त्यांचा नंबर आता कोणाकडे आहे मला माहीत नाही. उद्या बँकेत जातो.

कोकणकडा | संध्याकाळी 5:45

माझा कालचा हट्ट थोडा सोडतो. निरोप जायला हवा हे अजूनही म्हणतो. पण आमच्या वाडीच्या ग्रुपवर आज टाकलं: यापुढे निधनाच्या निरोपात घरातल्या बाईमाणसाचा नंबर नको, वाडीतल्या दोन मुलांचे नंबर द्यायचे, तेच सगळ्यांना सांगतील. सरपंचांनी लगेच "बरोबर" म्हणून लिहिलं.

शमिका_ठाणे | पुढचा शनिवार, रात्री 10:10

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहायला जमलं नाही, पण कामं झाली.

आईचं बायोमेट्रिक त्याच रात्री लॉक केलं. हिस्टरीत एकच अनोळखी वाटणारी नोंद होती, ती बाबांच्या हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवतानाची निघाली. संचार साथीवर आईच्या नावावर दोन नंबर दिसले, दोन्ही आमचेच. त्या माणसाचा नंबर चक्षूवर टाकला. क्रेडिट अहवाल एका ब्युरोचा काढला, स्वच्छ आहे, पुढचा एप्रिलमध्ये. बाबांच्या सिमवर तीन महिन्यांचं रिचार्ज घातलं. आई म्हणाली, "वर्षाचं का नाही घातलंस?" तिला त्या नंबरवर फोन लावून बाबांची कॉलर ट्यून ऐकायची असते. मग वर्षाचं घातलं.

चुलतभावाशी बोलले. तो रडला. मी त्याला विदिशाताईंची पोस्ट वाचून दाखवली, त्याने बरं वाटलं त्याला. सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप ॲडमिनने काढला, बाकी ठिकाणी त्याने स्वतः एकेकाला फोन करून काढायला लावला. सगळा निघणार नाही हे समजतं.

आईचं सांगायचं तर शिकवणं आम्ही सोडून दिलं. मंगळवारी तिला घेऊन शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने पीपीओ घेतला, अर्ज भरून घेतला आणि आईने विचारलं, "नंबर येईल तो सांगायचा का?" ती मुलगी म्हणाली, "काकू, मला सुद्धा सांगायचा नाही." आई रिक्षात तेच वाक्य दोनदा बोलली. परवा कुरिअरवाल्याचा फोन तिने उचलला, आणि पार्सल घ्यायचा ओटीपी त्याला सांगावा की नाही हे विचारायला मला फोन केला. कुरिअरवाला दारात थांबला होता बिचारा. मी म्हटलं, पार्सल हातात घे, आपलं नाव बघ आणि मग सांग.

पाणपोई | रात्री 10:18

वर्षाचं रिचार्ज घातलंत ते फार छान केलंत.

झेरॉक्स_सांगोला | रात्री 10:40

ताई, एक राहिलं. बायोमेट्रिक लॉक आहे तोवर रेशन दुकानातल्या मशीनवर आईचा अंगठा लागणार नाही, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढतानाही नाही, चेहऱ्याने सुद्धा नाही. आमच्याकडे दरवर्षी म्हातारी माणसं तासभर बोट पुसत बसतात आणि मग कळतं की मुलाने मुंबईहून लॉक करून ठेवलंय. त्या दिवशी जाण्याआधी ॲपवरून तात्पुरतं उघडून द्या, ओटीपी आईच्याच फोनवर येईल. आणि तिला आधी सांगून ठेवा की हा तुम्हीच मागवलाय.